हाताने विणलेल्या बाळाच्या सेटची मजुरी किती द्यावी? विणणारी म्हणते वाढवा, बुटीकवाली म्हणते कमी करा

लोकरवेडी_सातारा

नमस्कार मंडळी. विषय पैशाचा आहे म्हणून जरा संकोच वाटतोय, पण इथे विणणाऱ्याही आहेत आणि विकणाऱ्याही आहेत, म्हणून विचारतेच.

मी साताऱ्याची. लॉकडाऊनमध्ये हौस म्हणून बाळांचे सेट विणायला लागले, स्वेटर टोपी मोजे, फोटो इन्स्टावर टाकले, ओळखीतून ऑर्डरी आल्या, मग एकटीला झेपेना म्हणून आसपासच्या बायकांना काम द्यायला सुरुवात केली. आता सात-आठ जणी आहेत. लोकर नि बटणं माझी, सुया त्यांच्या, नमुना मी देते, सेट पूर्ण शिवून आणला की नगाला १८० रुपये रोख हातावर. हा रेट कुठून आला तर माझ्या आधी इथे एक बाई असं काम वाटायच्या, त्या दीडशे द्यायच्या, मी तीस वाढवले. दिवाळीला साडी देते आणि उरलेल्या लोकरीचे गोळे कोणी मागितले तर देऊन टाकते.

आता भानगड अशी झालीय की त्यातल्या एक मावशी, सगळ्यात चांगला हात त्यांचा, बटणपट्टी अशी काढतात की दोन्ही बाजू बरोब्बर समोरासमोर येतात, कुठे ओढ नाही की झोळ नाही, त्या परवा म्हणाल्या २५० करा नाहीतर संक्रांतीनंतर मला धरू नका. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या बुटीकवालीचा मेसेज. आत्तापर्यंत ६०० ला घेत होती, आता म्हणते ५५० करा कारण "दुसऱ्या एक ताई त्यात देतात". इन्स्टावर मी थेट ८५० ला विकते पण थेट विक्री कमी, निम्म्याहून जास्त माल बुटीकलाच जातो. लोकर-बटणं मिळून सेटला १५० जातात, डबी-पॅकिंग ३०.

मावशींना २५० दिले तर बाकीच्यांनाही द्यावे लागणार, आणि द्यायलाच हवेत का हेही कळत नाही कारण बाकीच्यांपैकी कोणी काही बोललेलं नाही. तुम्ही लोक रेट कसा ठरवता? योग्य म्हणजे नेमके किती?

टाके_मोजणारा

ताई, तुम्ही नगावर हिशोब करताय म्हणून अडकलाय, तासावर करा. सेटला किती वेळ लागतो हे लिहिलेलंच नाही तुम्ही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

आमच्या घरी बायको विणते (विकत नाही, भाच्यांना वाटते) आणि मी कॉस्टिंगमधे नोकरी करतो त्यामुळे तिचं घड्याळ लावून झालेलं आहे, तिने मला त्याबद्दल ऐकवलेलंही आहे. सहा महिन्यांच्या बाळाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर, साधा उलट-सुलट नमुना, बारीक लोकर, तुकडे जोडून बटणपट्टीसकट दहा तास. टोपी दोन, मोजे दोन. चौदा तास धरा. तुमच्या बायका जास्त सराईत असतील तर तास-दीड तास कमी होईल, त्याहून नाही.

१८० भागिले १४ म्हणजे तासाला तेरा रुपये सुद्धा पूर्ण नाहीत.

आता हे कशाशी ताडून बघायचं? शहरातल्या पगाराशी नको, उगाच वाद होतात. रोजगार हमीची मजुरी घ्या. २०२५-२६ ला महाराष्ट्रात ती दिवसाला ३१२ रुपये होती. आठ तास धरले तर ताशी ३९. हे खड्डे खणायचे पैसे आहेत, शिकाऊ माणसालाही मिळतात. विणायला शिकायला वर्षं जातात. त्या हिशोबाने सेटची मजुरी होते ५४६. मावशी २५० मागतायत, म्हणजे तासाला अठरा रुपये मागतायत. त्या अजून फार स्वस्तात तुमच्याकडे आहेत एवढंच सांगतो.

भोचक_भवानी

टाके_मोजणारा दादा, कागदावर सगळं छान दिसतं. ५४६ मजुरी अधिक १५० अधिक ३०, झाले ७२६. यात ताईंचा वेळ, लोकर आणायची धावपळ, इन्स्टावर "प्राइस प्लीज" वाल्यांना उत्तरं देणं, अडकलेला माल, काहीच नाही. मग विकायचं कितीला, हजार-बाराशेला? तुळशीबागेत लुधियानाचा मशीनचा सेट तीनशेला मिळतो, त्यावर हत्ती पण असतो. बाळ तीन महिन्यात त्यातून मोठं होतं. कोण देणार बाराशे?

मी स्वतः दुकान चालवते (कपड्यांचं, विणकामाचं नाही), नफा काही पाप नाही. आणि एक स्पष्ट बोलते, राग नको. या बायका कारखान्यात जात नाहीत, घरी बसून टीव्ही बघता बघता, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता करतात. त्याला आठ तासाची मजुरी लावणं बरोबर नाही. नाही परवडलं तर त्या दुसरं काम बघतील की, कुणी बांधून ठेवलंय?

नुसती_विणणारी

भोचकताई, टीव्ही बघता बघता हे वाक्य मला ज्या ज्या माणसाने काम दिलं त्या प्रत्येकाने ऐकवलंय म्हणून लिहिते नाहीतर मी इथे फक्त वाचायला येते.

साधी टोपी होते टीव्ही बघत. पण खांद्याचे टाके कमी करताना, गळ्याचे उचलताना, केबल (पीळ घातलेला नमुना) असेल तर प्रत्येक सहाव्या ओळीला, मान वर करता येत नाही. चुकलं की उसवायचं आणि उसवायचे पैसे कोणी देत नाही. मी रात्री जेवणं झाल्यावर बसते ते साडेबारापर्यंत, दुपारी अडीच ते पाच. मग त्याला फावला वेळ म्हणायचं का? मान आखडते, अंगठ्याच्या बुडाशी दुखतं, डॉक्टर म्हणाले विणणं बंद करा, म्हटलं फी कुठून देऊ.

आधी मी ज्यांच्याकडून काम घ्यायचे त्यांची पद्धत सांगते. लोकर वजन करून द्यायचे, सेट आणला की तो पण काट्यावर, आणि कापलेल्या दोऱ्यांची टोकं सुद्धा पिशवीत घालून परत न्यायची, तीही काट्यावर. दहा ग्रॅम कमी भरलं की पैसे कापले. पावसाळ्यात लोकर ओल धरते, थंडीत वाळते, माझा काय दोष त्यात. आणि माल नापास केला तर मजुरी शून्य, पण नापास सेट मला परत मिळायचा नाही, तो तिकडे ठेवून घ्यायचे. आणि नंतर तोच सेट त्यांच्या पेजवर विकायला. मी ओळखते ना माझा हात, मी टोपीचा शेवटचा टाका उलटा घेऊन बंद करते.

तर लोकरवेडी ताई, तुम्ही रोख हातावर देता हे वाचून बरं वाटलं, खरंच, कारण आमच्याकडे "दुकानाचे पैसे आले की" हे उत्तर होतं, आणि दुकानाचे दोन-दोन महिने यायचेच नाहीत. पण बाकीच्या काही बोलल्या नाहीत म्हणजे त्यांना परवडतंय असं धरू नका. त्या मावशींचा हात चांगला आहे म्हणून त्यांच्यात बोलायची धमक आहे. बाकीच्यांना काम जाईल याची भीती आहे.

आजी_नंबर_वन

मी पण थोडं लिहू का. मी निवृत्त शिक्षिका, वय ७१, मला पेन्शन आहे. वेळ जात नाही म्हणून विणते. सोसायटीत, ओळखीत कुणाला हवं असेल तर लोकरीचे पैसे घेते आणि वर पन्नास रुपये, ते पण ते आग्रह करतात म्हणून. मला त्यात आनंद मिळतो. आता हे सगळं वाचून मला वाटायला लागलं की मी काही गुन्हा करते की काय. घड्याळ लावून विणायचं म्हणजे मजाच गेली.

खांब_साखळी

आजी, गुन्हा कसला. नातवाला, शेजारच्या बाळाला द्या की फुकट, ते प्रेमाचं काम आहे त्याला कोण काय म्हणणार. पण सोसायटीच्या ग्रुपवर "स्वेटर सेट २५० रु." असं टाकलंत की शेजारच्या बिल्डिंगमधली जी बाई त्याच्यावर घर चालवते तिला लोक येऊन म्हणतात की अहो आजी अडीचशेला देतात, तुम्ही काय लुटताय. असं माझ्या बाबतीत शब्दशः झालंय. त्यापेक्षा फुकट द्या, नाहीतर बाजाराच्या भावाने विका आणि ते पैसे कुठल्या शाळेला द्या. मधलं नको.

भोचकताईंचा मशीनचा मुद्दा मात्र मला अर्धा पटतो. सुयांवरचं विणकाम मशीनवर होतं, चांगलं होतं, आणि साध्या स्वेटरमध्ये गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. त्यामुळे तिथे लुधियानाशी भाव लावत बसलं की आपण मेलो.

क्रोशाचं वेगळं आहे. मी क्रोशावाली. मुका खांब, खांब, साखळी या टाक्यांचं खरं क्रोशाकाम करणारं मशीन आजही बाजारात नाहीये. मशीनवर निघतं ते क्रोशासारखं दिसणारं जाळीचं कापड, जवळून बघितलं की कळतं. याचा अर्थ काय, तर मॉलमध्ये सातशे रुपयाला क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला आणि तो खरा क्रोशा असेल, तर तो कुठल्यातरी बाईने हातानेच केलाय. कुठे का असेना, हातानेच. टॉपला मला पंधरा-वीस तास लागतात. मग दुकानाचं भाडं, वाहतूक, टॅग, मधले दलाल हे सगळं सातशेतून वजा करून तिला काय मिळालं असेल ते तुम्हीच बघा. त्यामुळे "बाजारात इतक्याला मिळतं" हे ऐकलं की मला तो बाजारभाव वाटतच नाही, कुणाची तरी न दिलेली मजुरी वाटते.

सोलापुरी_चटणी

नुसती_विणणारी ताईंचं वाचून आमच्या घरचंच आठवलं. माझी आई नि मावश्या बिड्या वळायच्या. तेंदूपत्ता नि तंबाखू कारखाना देणार, घरी वळून हजाराच्या हिशोबाने परत न्यायच्या, आणि तिथे छाट. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत आणि बिड्याही परत नाहीत. सेम टू सेम, फक्त लोकरीच्या जागी पानं.

पण एक मोठा फरक आहे. बिडीवाल्या बायकांसाठी १९६६ चा वेगळा कायदा होता आणि त्यात घरी बसून वळणारी पण कामगारच धरली होती. त्यामुळे ओळखपत्र, पीएफ, हे भांडून का होईना मिळालं. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत बिडी कामगार बायकांनी युनियनच्या जोरावर उभी केली. विणणाऱ्या बायका घराघरात विखुरलेल्या, एकमेकींचा रेट सुद्धा माहीत नसतो, म्हणून त्यांचं काहीच नाही.

कायदा विणकामवाल्यांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही तरी. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात दुसऱ्याच्या धंद्यासाठी माल घरी नेऊन तयार करून देणारी व्यक्ती पण कामगारातच धरली होती, आणि नगावर काम असलं तरी तासाच्या किमान दराच्या खाली जायचं नाही असंही होतं. पाळलं किती कुणी ते सोडा. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे, कच्चा माल नि हत्यारं मालकाने दिली असोत नसोत, मोबदला घेऊन घरी माल करून देणारी ती कामगार. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अशा घरून काम करणाऱ्यांसाठीचा करार १९९६ चा आहे, क्रमांक १७७, भारताने अजून त्यावर सही पक्की केलेली नाही. आणि व्यवहाराचं सांगायचं तर ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून घ्या सगळ्यांचं, पैसे लागत नाहीत, आधार नि मोबाईल लागतो. तेवढं लोकरवेडी ताई तुम्ही एका दुपारी बसून करून देऊ शकता.

टाके_मोजणारा

सोलापुरी, मस्त माहिती. ताईंच्या बाजूनेही एक बोलतो नाहीतर सगळे त्यांच्यावर तुटून पडल्यासारखं होईल. त्यांनी स्वतःहून विचारलंय, बहुतेक लोक विचारतच नाहीत.

अॅबर्डीनकर

मी स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला असतो, इथून संध्याकाळच्या बोटीत बसलं की सकाळी शेटलंड बेटांवर लर्विकला उतरतो. तिथलं विणकाम जगात नावाजलेलं, शाली इतक्या तलम की अंगठीतून जातात. सगळी दुकानं त्याच्यावर, टी टॉवेलवर सुद्धा विणणारी बाई छापलेली. पण त्या बायकांना मिळायचं काय हे कळलं तर ती शाल घ्यावीशी वाटणार नाही.

एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी विणणारणींना सहसा रोख पैसे द्यायचे नाहीत. शाल आणली की बदल्यात दुकानातला चहा, कापड, नाहीतर चिठ्ठी, की या चिठ्ठीवर नंतर माल घ्या. भाव शालीचाही दुकानदार ठरवणार आणि चहाचाही तोच. बाईला हवं असायचं पीठ किंवा भाडं भरायला रोकड, ती दुकानात मिळायची नाही, मग ती तो चहा घेऊन दारोदार फिरणार आणि पडत्या भावाने विकून पीठ आणणार. १८७२ मध्ये सरकारने यावर चौकशी केली, बायकांच्या साक्षी घेतल्या, त्या साक्षी छापलेल्या आहेत. एका ओळीत सांगायचं तर बऱ्याच जणी तेच सांगतात, की पैसे मागायची पद्धतच नव्हती, मागितले तर काम मिळणार नाही असं वाटायचं. १८८७ च्या कायद्यात घरी विणलेल्या लोकरीच्या मालालाही रोखीची अट आली, तरी जुनी पद्धत पुढे बरीच वर्षं रेंगाळली.

हे मुद्दाम सांगतोय कारण साडी आणि उरलेले गोळे. लोकरवेडी ताई, तुमचा हेतू चांगला आहे यात शंका नाही, पण ते मजुरीच्या हिशोबात मनातसुद्धा धरू नका. साडी ही भेट, मजुरी ही मजुरी. त्यांना विचारलं तर सातपैकी पाच जणी म्हणतील साडीचे पैसे द्या.

भोचकताईंच्या फावल्या वेळाबद्दल पण. हे फक्त आपल्याकडचं किंवा आजचं नाही. आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूरला क्रोशाच्या लेसचं मोठं काम चालतं, एकोणिसाव्या शतकात मिशनरी लोकांनी आणलेलं. तिथे मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी अभ्यास केला, १९८२ ला छापून आला. माल परदेशात जायचा, निर्यातदार मोठे झाले, आणि विणणाऱ्या हजारो बायकांना कुणी कामगारच म्हणायचं नाही, त्या "गृहिणी", घरी बसलेल्या. मीसबाईंचं म्हणणं हेच की गृहिणी म्हटलं म्हणूनच इतकं स्वस्त पडलं. कामाचे तास मोजायचे नाहीत म्हणजे पैसेही मोजायला नकोत.

भोचक_भवानी

अॅबर्डीनकर, फावल्या वेळाचं मागे घेत नाही पण नापास माल ठेवून घ्यायचा आणि विकायचा हे ऐकून मलाही राग आला, ती सरळ चोरी आहे, धंदा नाही. माझ्याकडे शिवणारी बाई आहे, ब्लाउज बिघडला तर कापडाचं नुकसान माझं, तिची शिलाई मी देते, दोनदा बिघडला तर बोलते.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ५४६ मजुरी दिली तर बुटीकला ६०० ने देताच येत नाही. मग काम बंद. रेट वाढला आणि काम गेलं तर त्या मावशींचं काय भलं झालं? आमच्या इथे एका बचत गटात हेच झालं, कुणीतरी येऊन हक्काचं भाषण देऊन गेलं, रेट दुप्पट मागितला, ऑर्डर दुसऱ्या गावाला गेली.

टाके_मोजणारा

हा मुद्दा रास्त आहे, आणि याचं उत्तर सगळ्या वस्तूंचा रेट वाढवणं हे नाहीच. कुठली वस्तू विणायची हे बदलणं आहे. बघा.

टोपी एकटी. दोन तास, मजुरी ७८, लोकर ३०, पॅकिंग २०, झाले १२८. जरा डिझाईन असलेली हातविणीची टोपी थेट ३०० ला जाते, बुटीकला २२० ला दिली तरी ९२ सुटतात. टोपी-मोजे जोडी घ्या, चार तास, १५६ मजुरी, बाकी ७० धरा, २२६ ला पडली, ४५० ला बारशाचं गिफ्ट म्हणून हातोहात जाते. स्वेटरमध्ये मात्र दहा तास अडकतात आणि गिऱ्हाईक त्याची तुलना थेट मशीनशी करतं. म्हणजे सगळ्यात जास्त कष्टाची वस्तू सगळ्यात कमी पैसा देते. ती बुटीकला देणं बंद करा. फक्त ऑर्डरवर, थेट, हजार-अकराशेला, आणि ज्यांना घ्यायचंय ते घेतील. बाह्या काढून बंडी केली तर चार तास वाचतात, शिवाय बाळाला घालायला सोपी, आया त्यालाच जास्त पसंती देतात असं आमच्या घरचा अनुभव सांगतो.

आणि त्या बुटीकवालीला विचारा की ती पुढे कितीला विकते. ५५० ला मागते ना, विचारायला हरकत काय.

खांब_साखळी

मी सांगते कितीला, नावाची गरज नाही. पुण्यात अशा बुटीकमध्ये सेट बाराशे-चौदाशेला मी डोळ्याने बघितलाय, टॅगवर लिहिलेलं "ग्रामीण महिलांच्या सक्षमीकरणासाठी". त्यांनाही भाडं असतं, न विकलेला माल असतो, मान्य. पण पन्नास रुपये तिकडे कमी करायचे की मजुरीतून, हे ठरवताना त्या टॅगची आठवण ठेवावी.

आणि फोटो! लोकरवेडी ताई तुमच्याबद्दल नाही, एकूणच बोलते. बायकांचे विणताना रील काढायचे, मागे सनई, "आमच्या ताई", आणि त्या ताईला विचारलेलंही नसतं. ज्या रीलवर माल विकला जातो त्या रीलमध्ये काम केल्याचे पैसे द्या नाहीतर किमान विचारा. एकीच्या सासरी माहीत नव्हतं ती पैशासाठी विणते म्हणून, रील बघून घरात रामायण झालं.

लोकरवेडी_सातारा

बापरे, इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकेक करून उत्तर देता येत नाहीये.

मावशींकडे काल जाऊन बसले. त्यांना म्हटलं पुढच्या सेटचा वेळ लिहून ठेवाल का, मोबाईलमध्ये नको, कॅलेंडरवरच. त्या हसल्या, म्हणाल्या मला माहीतच आहे, स्वेटरला पाच दुपारी नि तीन रात्री जातात, टोपी-मोजे त्यानंतर. म्हणजे टाके_मोजणारा दादा म्हणतायत त्याच्यापेक्षा जास्तच, कमी नाही. त्यांनी हिशोब केलेला होता, कुणी विचारला नव्हता एवढंच.

बुटीकवालीला मेसेज टाकला की ५५० जमणार नाही, ६०० ला पण पूर्ण सेट यापुढे नाही, टोपी-मोजे जोडी ३२० ला देईन. अजून निळी टिक आहे फक्त. गेली तर गेली, पण खोटं कशाला बोलू, पोटात गोळा आलाय, दर महिन्याचा ठरलेला माल होता तो. तिच्याकडचे मागचे पैसे पण यायचेत.

रेटचं असं ठरवतेय की स्वेटर ३९० मजुरी आणि फक्त आगाऊ ऑर्डरवर, बंडी २३५, टोपी ८०, मोजे ८०, सगळ्यांना सारखाच. उसवायला मी लावलं, म्हणजे नमुना माझ्याकडून बदलला तर त्याचे वेगळे. साडीचं विचारणार आहे सगळ्यांना. एक शंका, मावशींचा हात इतरांपेक्षा उजवा आहे, त्यांना बाकीच्यांइतकंच दिलं तर त्यांच्यावर अन्याय नाही का? आणि जास्त दिलं तर बाकीच्या रुसणार.

नुसती_विणणारी

ताई नगाला सारखाच रेट ठेवा, नाहीतर भांडणं लागतात, मी बघितलीत. मावशींना वेगळं काम द्या. नवीन नमुना बसवणं, पहिला नग विणून मापं काढणं, बाकीच्यांनी आणलेल्या सेटची बटणपट्टी-शिवण तपासून देणं, याचे तासावर पैसे द्या. आत्ता हे सगळं त्या फुकटच करत असणार, बाकीच्या अडल्या की त्यांच्याकडेच जात असणार.

आणि रेट तोंडी नको, कागदावर लिहून प्रत्येकीला द्या. वस्तू, मजुरी, पैसे कधी, नापास झाला तर काय. आम्ही कधी मागितला तर "विश्वास नाही का" म्हणायचे.

आजी_नंबर_वन

मी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंय की यापुढे विकणार नाही, बाळ झालं की कळवा, टोपी माझ्याकडून. तीन जणींनी लगेच कळवलं, एकीला अजून पाचवा महिना आहे. स्वेटर कुणाला हवा असेल तर लोकरवेडीचा नंबर देऊ का?

लोकरवेडी_सातारा

आजी, द्या ना, उपकार होतील. हजार पन्नास रुपये सांगा, तोंड वाकडं केलं तर बंडी दाखवा.

नुसती_विणणारी ताई, कागदाचं डोक्यातच नव्हतं, आजच लिहायला बसते. तपासायचं काम मावशी खरंच फुकट करतात, बरोबर ओळखलंत. तुम्ही कुठल्या?

नुसती_विणणारी

कराड. तुमच्याकडे बंडीचं काम वाढलं तर सांगा, केबल पण येते मला. फक्त दोऱ्यांची टोकं परत देणार नाही, उशीत भरते मी ती.

लोकरवेडी_सातारा

व्यनि (खाजगी मेसेज) केलाय, बघा. पहिल्या खेपेला लोकर एसटीने पाठवू की तुम्ही येताय?